उभ्या गाडीत काटा हलत नाही

कळंबोलीचं लोखंड मार्केट ही काही सकाळी फिरायला जायची जागा नव्हे. सिडकोनं नवी मुंबई वसवताना बागा आणि तलावांची सोय ठिकठिकाणी केलेली आहे आणि माझ्या वयाची निवृत्त मंडळी तिकडेच जातात. मी मात्र गेल्या महिन्यात तीन-चार सकाळी या मार्केटच्या कडेला असलेल्या एका गॅरेजात, पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसून काढल्या. बँकेत छत्तीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाला डब्यावर बसणं जमतं, हा शोधही त्या निमित्तानं लागला.

निमित्त झालं आमच्याच इमारतीतल्या एका तरुण मोटारमालकाचं. त्याच्या तीन गाड्या आहेत. गाडी म्हणजे ट्रक. या धंद्यातला माणूस ट्रकला ट्रक म्हणत नाही. तळोज्याहून किंवा न्हावाशेव्याच्या बंदरातून माल उचलायचा आणि चाकणला किंवा रांजणगावला नेऊन टाकायचा, हा त्यांचा रोजचा रस्ता. तिन्हींतली सर्वांत जुनी गाडी २००८ सालची, साताऱ्याच्या पासिंगची, दहा टायरची. ती चालवणारा ड्रायव्हर माण तालुक्यातला. वय पन्नाशीच्या पुढचं. सगळे त्याला मामा म्हणतात, मालकही मामाच म्हणतो, आणि मामा वयानं निम्म्या असलेल्या त्या मुलाला न चुकता ‘शेठ’ म्हणतो.

एके संध्याकाळी हा मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. “काका, तुम्ही हिशेबातले. जरा बघा.” भरल्या गाडीला लिटरमागे चारच्या आसपास किलोमीटर मिळत होते. चार महिन्यांत ते तीनवर आले. रस्ता तोच, माल तोच, ड्रायव्हर तोच. मी आकडे पाहिले आणि मालकाला जे वाटत होतं तेच मलाही वाटलं. डिझेल वाटेत कुठंतरी उतरतंय. हायवेवरच्या कोणत्या ढाब्यामागे कॅन भरून मिळतात, हे या धंद्यात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. शेठनं मामाच्या पगारातून दोन महिने पैसे कापलेही होते. मामा भांडला नाही, सोडूनही गेला नाही. तो एवढंच म्हणाला, “शेठ, गाडीला बूस्टचं मीटर बसवा. मग काय ते बोला.”

हे मीटर काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. ज्याच्यावर चोरीचा आळ आहे तो माणूस स्वतःच मोजमाप मागतो, ही गोष्ट मात्र माझ्यातल्या जुन्या तपासनिसाला खटकली. म्हणून मी गॅरेजात गेलो.

आता थोडं यंत्राविषयी सांगितलं पाहिजे. डिझेल इंजिनाची ताकद शेवटी हवेवर अवलंबून असते. हवा जितकी जास्त कोंबता येईल, तितकं जास्त डिझेल नीट जळेल. नुसतंच डिझेल वाढवलं तर ते अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर पडतं. गंमत अशी, की डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे फुकट जातो. या वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवावं आणि त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवून त्यानं ताजी हवा दाबून इंजिनात ढकलावी, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरला सुचली. त्यानं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. हाच आपला टर्बो. ते चक्र मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतं. सुरुवातीला वीस वर्षं ही कल्पना कागदावर आणि प्रयोगशाळेतच राहिली. १९२५ च्या सुमारास जर्मन जहाजांवर ती खऱ्या अर्थानं कामाला लागली आणि १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच सौरर कारखान्यानं ट्रकसाठी टर्बोचं इंजिन केलं. आपल्याकडे मालवाहू गाड्यांवर टर्बो सर्रास दिसू लागला तो १९९० नंतर, आणि २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले तसा तो अपरिहार्यच झाला.

टर्बो हवा किती दाबतो आहे हे दाखवणारं घड्याळ म्हणजे बूस्टचं मीटर. समुद्रसपाटीला आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर हवेचा दर चौरस इंचाला १४.७ पौंड दाब असतोच. त्याच्या वर टर्बोनं किती भर घातली, तेवढंच हे मीटर सांगतं. मोठ्या गाडीला भरल्या मालावर पंधरा ते तीस पौंडांपर्यंत बूस्ट मिळतो, इंजिनाप्रमाणे कमीजास्त. मीटरच्या पोटात काही मोठी विद्या नाही. जत्रेत मुलं फुंकतात ती कागदी पिपाणी आठवा. फुंकली की गुंडाळी उलगडते, श्वास सोडला की पुन्हा वळते. मीटरमध्ये तशीच एक वाकवलेली, चपटी पितळी नळी असते. दाब आला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि त्या किंचितशा हालचालीवर काटा फिरतो. यूजेन बूर्दाँ या फ्रेंच माणसानं १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. पावणेदोनशे वर्षं झाली, तीच नळी अजून चालते आहे.

हल्लीच्या, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना हे बाहेरून बसवावं लागत नाही. त्यांच्यात दाबाचा सेन्सर असतो, आणि काही बिघडलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. मामाच्या गाडीत असा बोलणारा दिवा नव्हता. तिथं ड्रायव्हरचा कान आणि तळपाय हेच सेन्सर. मामाच्या तळपायाला कळलं होतं की गाडी ओढत नाही. पण तळपायाची साक्ष वहीत लिहिता येत नाही.

गॅरेजचा उस्ताद साठीचा आणि अबोल. त्याचं काम पाहणं ही एक मेजवानी होती. प्रथम त्यानं बॅटरीची तार सोडली. मग इंजिनाच्या कडेला, जिथून दाबलेली हवा सिलिंडरांत जाते त्या मॅनिफोल्डवरचा एक छोटा बूच शोधला. त्याच्या हाताखालचा पोरगा ड्रिल घेऊन तिथंच भोक पाडायला निघाला होता. त्याला उस्तादनं एक शिवी दिली, दिवसभरातली एकमेव. ॲल्युमिनियमचा एक कीस जरी आत पडला तरी तो थेट इंजिनाच्या पोटात जातो. बूच काढून त्यानं लेथवाल्याकडे पाठवला, त्याच्या मध्यातून भोक आणि आटे पाडून आणले, धुऊन पुसून पुन्हा बसवला. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडला, म्हणजे टेपचा तुकडा आत जायला नको.

शेठला सोपा मार्ग हवा होता. डिझेलच्या पंपाकडे टर्बोच्या हवेची एक बारीक नळी आधीच जाते, तिलाच फाटा का काढू नये? उस्तादनं मान हलवली. त्या नळीनं पंपाला हवेचा अंदाज येतो आणि त्या मानानं तो डिझेल सोडतो. तिथला जोड जरा गळला की पंप समजणार हवा कमी आहे, आणि डिझेल आखडणार. मोजायला गेलो आणि मोजण्याची वस्तूच बिघडवून बसलो असं व्हायला नको. बँकेच्या ऑडिटचे काही दिवस मला या ठिकाणी आठवले.

मग नायलॉनची बारीक नळी आली, एअर ब्रेकला वापरतात त्या जातीची. टर्बो आणि धुराचा पाइप तापून लाल होतात, म्हणून नळी त्यांच्यापासून चांगली लांबून नेली. क्लचच्या दांड्याला लागणार नाही अशी वळवली. केबिनच्या पत्र्यातून जिथं आत घेतली तिथं रबरी कडी घातली, नाहीतर पत्र्याची धार तिला कापून काढते. नळीच्या तोंडाशी सुईच्या नेढ्याएवढं भोक असलेली एक पितळी टिकली बसवली. ती नसेल तर इंजिनाच्या धडधडीनं काटा थरथरत राहतो आणि लवकर मरतो. मीटरमधला दिवा बारा व्होल्टचा होता, मोटारींसाठी केलेला. ट्रकची वीज चोवीस व्होल्टची. उस्तादनं तो आधीच काढून दुसरा घातला. शेवटी जोडांवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. मीटर मामाच्या नजरेसमोर, स्टिअरिंगच्या उजव्या हाताला लागलं.

मामानं स्टार्टर मारला. शेठ, मी, पोरगा, सगळे खिडकीतून डोकावलो. काटा शून्यावर. मामानं ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, काटा जेमतेम दोन पौंडांपर्यंत उचलला आणि परत आला. शेठचा चेहरा पडला. मीटर फुकट गेलं असं त्याला वाटलं असावं. उस्ताद हात पुसत म्हणाला, “सेठ, खडी गाडी में क्या दिखेगा? लोड डालो, घाट चढाओ, फिर देखो.”

खरंच होतं ते. गाडी उभी असताना इंजिनाला फारसं डिझेल लागत नाही, त्यामुळे धुरात जोर नसतो, त्यामुळे चक्र मंद फिरतं. ओझं आलं की टर्बो कामाला लागतो. अमेरिकेत १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांना विमानाच्या इंजिनाचा टर्बो पारखायचा होता, तेव्हा त्यांनी ते इंजिन चौदा हजार फूट उंच पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर नेलं होतं. विरळ हवेत ते काय करतं हे खाली कारखान्यात बसून कळणार नव्हतं.

उस्तादचं ते वाक्य माझ्या मनात मात्र भलत्याच ठिकाणी जाऊन लागलं.

२००४ सालची गोष्ट. मी नवी मुंबईतल्या एका शाखेत कर्जखातं पाहत होतो. राष्ट्रीयीकरणानंतर छोट्या वाहतूकदारांना कर्ज देणं हे प्राधान्य क्षेत्रात मोडू लागलं होतं आणि आमच्या शाखेनं अशा बऱ्याच एकगाडी मालकांना कर्जं दिली होती. गाडी बँकेकडे नजरगहाण. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वस्तू त्याच्याकडे, नजर आमची. ही नजर ठेवायची म्हणून सहा महिन्यांनी गाडीची तपासणी करायची पद्धत होती. खातेदार गाडी घेऊन शाखेसमोर येई. मी खाली उतरे, नंबर ताडून पाहे, टायरवरून हात फिरवी, इंजिन सुरू करायला सांगे. फॉर्मवर रकाने असत. टायर : ठीक. बॉडी : ठीक. इंजिन : चालू स्थितीत. खाली सही.

त्यातला एक खातेदार टर्बोची गाडी स्वतःच चालवणारा होता. वर्षभर हप्ते नियमित भरले आणि मग तो अडखळू लागला. दर वेळी एकच सांगे, “साहेब, गाडी ओढत नाही. डिझेल खाते. भाडं मिळतं ते पंपावरच जातं.” पंप आणि नोझल करून घेतल्याची बिलं त्यानं मला दाखवली होती. मी ती पाहिल्यासारखी केली. त्याच मार्चपासून नव्वद दिवस थकलेलं कर्ज अनुत्पादक ठरवण्याचा नियम लागू झाला होता. त्याआधी मुदत एकशे ऐंशी दिवसांची होती. वरून रोज यादी मागत होते. कर्जदार सबबी सांगतोच, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. त्याची गाडी मी तपासली होती, शाखेसमोर उभी असताना. इंजिन चालू स्थितीत होतं. मी टिपण लिहिलं, वर मंजूर झालं, गाडी ओढून आणली, लिलाव झाला.

कळंबोलीहून त्या शुक्रवारी दुपारी मामा पत्र्याची रिळं भरून निघाला तेव्हा मी केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसलो. बायकोला सांगितलं नव्हतं. एक्स्प्रेसवे कळंबोलीलाच सुरू होतो. सपाटीवर काटा चार-पाच पौंडांवर डुलत होता. खोपोली मागे पडली, चढ लागला. मामानं कपाळाला हात लावला. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे, घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं. तिकडून जाताना ड्रायव्हर नाणं टाकतात, इकडून जाताना नुसता हात. मग त्यानं गिअर उतरवला, पाय पूर्ण दाबला. काटा सहा, सात, आठ. आणि आठवरच थांबला. इंजिन जीव काढत होतं, आरशात मागे काळ्या धुराची दोरी दिसत होती, बाजूनं भरलेल्या गाड्या आम्हाला मागे टाकत होत्या. या इंजिनाला भरल्या चढावर सतरा-अठरा पौंड पाहिजेत असं उस्तादनं सांगितलं होतं. मामा काट्याकडे बोट दाखवून हसला. बऱ्याच दिवसांनी हसलेल्या माणसाचं ते हसणं होतं.

लोणावळ्याला गाडी कडेला घेऊन, इंजिन निवल्यावर, क्लीनर पोरगा आत शिरला. टर्बोनं दाबलेली हवा तापते, म्हणून ती पुढच्या जाळीत गार करून मग इंजिनात नेतात. त्या वाटेवरचा जाड रबरी होज, खालच्या अंगानं, क्लिपेजवळ बोटभर चिरलेला होता. वरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. हात लावला तरी चीर मिटलेली. भोवती तेलकट काजळी साचली होती, तीच काय ती खूण. दाब आला की ती चीर ओठासारखी उघडे आणि टर्बोनं मेहनतीनं दाबलेली हवा बाहेर निघून जाई. गाडी थांबली की पुन्हा मिटे. साबणाचं पाणी त्या होजला लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि उभ्या गाडीत लावलं असतं तरी बुडबुडा आला नसता. त्यातून चार महिन्यांपूर्वी, गाडी ओढत नाही म्हणून, एका पंपवाल्यानं डिझेल थोडं वाढवून दिलं होतं. हवा कमी आणि डिझेल जास्त. शेठच्या वहीतला तीनचा आकडा तिथून आला होता.

नवा होज लोणावळ्यातच मिळाला. त्याची किंमत एका टायरच्या किमतीपुढं सांगण्याजोगी नव्हती. मी तिथून रेल्वेनं आणि पुढे बसनं घरी आलो.

आता राहिलेलं सांगतो. लिलावात ती २००४ सालची गाडी ज्यानं घेतली, तो दोन महिन्यांनी कागदांसाठी शाखेत आला होता. खुशीत होता. चहा घेता घेता म्हणाला, “साहेब, गाडी स्वस्तात पडली. काही नव्हतं हो तिला. टर्बोचा होज फाटला होता खालून. तेवढा बदलला, घोड्यासारखी पळते.” मी हसून दाद दिली. होज म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ‘काही नव्हतं’ याचा अर्थ चांगला कळला होता.

लिलावाची रक्कम कर्जाला पुरली नव्हती. उरलेल्या बाकीसाठी मूळ खातेदार पुढच्या वर्षी तडजोडीला आला. नोटा कागदात गुंडाळून आणल्या होत्या. कुणाचे तरी दागिने मोडले असणार. त्यानं पावती मागितली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला नमस्कार केला. तो आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्याच्या गाडीला काय झालं होतं हे मला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, असं तेव्हा मनाला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. तो खरं बोलत होता हे मान्य केलं, की माझी सही खोटी ठरत होती.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, बँकेतल्या अनुभवांवर कादंबरी का लिहिली नाही. मी काहीतरी उत्तर देतो. ओझ्याखाली वाकलेल्या माणसांना मी आयुष्यभर शाखेसमोर उभं करून तपासलं, आणि लिहायला बसलो की तीच नजर आड येते, हे सांगायला अवघड आहे. आज तर खातेदार प्रत्यक्ष यावाही लागत नाही. पडद्यावर त्याचा गुणांक येतो, तीन आकडी. तो आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही. शेठच्या वहीतला तीनचा आकडाही खोटा नव्हता. त्यावरून आम्ही दोघांनी मामाला चोर ठरवलं, तेवढं खोटं होतं. आणि मी तर दुसऱ्यांदा.

पुढच्या बुधवारी रात्री फोन वाजला. मामा घाट चढून वर पोचला होता. “सायेब, अठरा,” एवढंच बोलला. शनिवारी शेठनं कापलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले. माफी वगैरे मागितली नाही. मामानं पैसे मोजले, खिशात घातले आणि टायरची हवा बघायला खाली वाकला.

माझ्या त्या खातेदाराचा पत्ता माझ्याकडे नाही. असेल तर सत्तरीला आला असेल. रोजचं वर्तमानपत्र ढाब्यावर, गॅरेजात, कुठेही पोचतं, म्हणून इथं लिहितो आहे. गाडीत दोष होता, साहेब, तुमच्या सांगण्यात नव्हता. होज फाटला होता. मला तो २००४ सालच्या पावसाळ्यातच कळला होता.